गोलकीपरचं वाळवण

माझी मुलगी ऋजुता हॉकी क्लबची गोलकीपर झाली त्या दिवशी मी अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी गोलकीपरची बॅग घरी आली, आणि पेढे खाऊन गेलेल्या त्याच शेजारणी नाकाला पदर लावून दारात उभ्या राहिल्या. "चारुलता, तुमच्या बाल्कनीत काही मेलंय का हो?"

मेलं नव्हतं काही. पायाला बांधायचे फोमचे जाडजूड पॅड, हातमोजे, छातीचं चिलखत आणि हेल्मेट, एवढंच होतं त्या बॅगेत. पण ते सकाळी लहान पोरींच्या गोलकीपरने घालायचे आणि संध्याकाळी तेच मोठ्या पोरींच्या, म्हणजे ऋजुताने. क्लबचा एकच सेट. चेन्नईच्या त्या दमट हवेत घामाने चिंब झालेला फोम वाळणार कधी? वर्षानुवर्षांचा घाम त्यात मुरलेला होता. लोणचं मुरतं ते बरं लागतं, हे मुरलेलं कुणाला सोसेल!

मी मिरजेची. आमच्याकडे गोधडी धुऊन दोरीवर टाकली की दुपारच्या चहापर्यंत कडकडीत वाळते. उन्मेषला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही चेन्नईत अंबत्तूरला आलो, पण डोकं माझं अजून मिरजेचंच. म्हटलं, इथे ऊन तर मेलं ढिगाने आहे! मे महिन्यात एका सकाळी हातमोजे नेऊन गच्चीवर भर उन्हात टाकले आणि वर दगड ठेवून आले. संध्याकाळी बघते तर वरून तळलेल्या पापडासारखे, चिरा पडलेले. आत बोट घातलं, तर ओले ते ओलेच. क्लबचे एकुलते एक हातमोजे! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

ते घेऊन मी मैदानावर गेले, आणि तिथे अंबुजाबाईंशी माझी पहिली खरी गाठ पडली.

अंबुजाबाई म्हणजे पोरींच्या कोच. वय साठीच्या पुढे, बांधा ठेंगणा आणि रुंद. नाकात दोन्ही बाजूंना खडे, अंगात ट्रॅकसूट आणि केसांत मल्लीचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा. शिट्टी फुंकताना गजरा हलायचा. पोरी त्यांना अक्का म्हणतात. त्या तंजावरच्या मराठी. त्यांचं मराठी कधीकाळी तंजावरला जाऊन बसलेलं, ते तिथेच तमिळ हेल शिकून म्हातारं झालेलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, एखादी जुनी पोथी ट्रॅकसूट घालून बोलतेय.

मी हातमोजे पुढे केले. ओरडतील, भरपाई मागतील, अशी तयारी ठेवून गेले होते. उत्तरंही तयार होती. बाईंनी हातमोजे उलटेपालटे करून पाहिले आणि हसत सुटल्या. अशा हसल्या की शिट्टी तोंडातून पडली.

"गच्चीवर टाकलेंस? उन्हांत? अय्यय्यो! मिरजेचें ऊन निराळें, मद्रासचें निराळें. येथें ऊन भाजतें नुसतें. वाळवतो तो वारा, गो!"

त्यांची आई तंजावरला सांडगे घालायची, ते कधी भर उन्हात नाही, असं म्हणाल्या. सावलीत, माडीच्या दोन खिडक्यांमधल्या वाऱ्याच्या वाटेवर. मग चिरा पडलेल्या हातमोज्यांना त्यांनी स्वतः रबराचे तुकडे चिकटवले. चिकटवता चिकटवता मला घरी काय काय करतेस ते विचारलं, आणि निघताना माझ्या हातावर मल्लीची वेणी ठेवली. भांडायची सगळी तयारी वाया गेली माझी.

पुढे मी रोजच मैदानावर बसायला लागले, तेव्हा बाई हळूहळू कळत गेल्या. स्वतःबद्दल बोलायला त्यांना आवडत नसे, पण पॅडबद्दल विचारलं की थांबत नसत. विशीत त्या एग्मोरला एका ऑफिसात खेळाडू म्हणून कारकून लागल्या. ऑफिसची बायकांची टीम होती, बाई तिच्या गोलकीपर. पण सामान एकच, पुरुषांचं. पुरुष पहाटे खेळून जायचे आणि त्यानंतर त्यांचेच पॅड बायकांना मिळायचे. तेव्हाचे पॅड कॅनव्हासचे, आत कापूस भरलेला. पाण्यातून काढलेल्या बोळ्यासारखे जड.

"दुसऱ्याच्या घामानें ओले," बाई म्हणाल्या. "घालतांना अंगावर शहारा येई. रोज. मग सवय झाली म्हणत होतों आम्ही. सवय कसली, काय होतें तें सांगायास कोणी विचारलेंच नाहीं. सेंटर फॉरवर्डला विचारतात, तुला नवी स्टिक पाहिजे काय? गोलकीपरला कोण विचारतें?"

त्याच पॅडांत बाई राज्याकडून खेळल्या. अंगावर पुरळ घेऊन खेळल्या, कोपराच्या आतल्या बाजूला त्याचे डाग अजून आहेत. निवृत्तीनंतर पेन्शन घेऊन घरी सुखाने इडल्या खायच्या, तर नाही. इंडस्ट्रियल एस्टेटमधल्या कामगारांच्या, रिक्षावाल्यांच्या, आमच्यासारख्या नोकरदारांच्या पोरी गोळा केल्या आणि मातीच्या मैदानावर क्लब उभा केला. त्यातल्या दोघी आता रेल्वेत खेळतात. हे मी सगळ्यांना ऐकवते. बाई स्वतः कधी सांगायच्या नाहीत.

बरं, ऋजुता. जुलैत तिच्या कोपरांना आणि मानेला पुरळ उठलं. आधी वाटलं घामोळं. मग ते चिघळलं. डॉक्टरीण म्हणाली, ओलं काही अंगाला लावू नका, पुन्हा झालं तर खेळ बंद. पोरगी रात्री खाजवून रडायची आणि संध्याकाळी पुन्हा तेच पॅड बांधायची. माझा पारा चढला. तडक मैदानावर गेले आणि बाईंना पोरींसमोरच सांगितलं, "अक्का, तुमच्याबद्दल मला आदर आहे, पण पोर माझी आहे. दसऱ्यापर्यंत या ओल्या पॅडांचा बंदोबस्त झाला नाही, तर ऋजुता तुमच्या गोलमध्ये उभी राहणार नाही. फॉरवर्ड खेळेल, नाहीतर घरी बसेल."

पहिल्यांदाच बाईंचा चेहरा उतरलेला पाहिला मी. मला नंतर कळलं, ऋजुतासारखी गोलकीपर त्यांना इतक्या वर्षांत मिळाली नव्हती. बाकीच्या कशा, कुठेच जमत नाही म्हणून गोलमध्ये ढकललेल्या. ऋजुता मात्र आपणहून येऊन म्हणाली होती, अक्का, मला तिथे उभं राहायचंय. स्वतःसारखी एक पोर सापडली होती बाईंना, आणि तीच हातची जायची वेळ आली होती.

त्या दिवसापासून बॅग आमच्याकडे येणं बंद झालं. बाई स्वतः ती पाडीला आपल्या घरी न्यायच्या. साठी उलटलेली बाई, खांद्यावर ते ओझं, आणि बसमध्ये आजूबाजूची माणसं उठून लांब जाऊन बसतायत. "बरें आहे," म्हणायच्या, "बसायास जागा मिळते." घरी खिडक्यांमध्ये दोऱ्या बांधून रात्रभर पंख्याखाली सगळं टांगायच्या. ऋजुताचं पुरळ जरा बसलं. पण सकाळी लहान पोरींना तोच सेट लागायचा, त्यामुळे पूर्ण वाळणं काही व्हायचं नाही.

ऑगस्टमध्ये आमच्या पोरींनी एग्मोरच्या टर्फवर जिल्ह्याची स्पर्धा जिंकली. फायनलमध्ये ऋजुताने दोन पेनल्टी अडवल्या. मी एवढी ओरडले की तीन दिवस घसा बसला. तो सामना पाहून गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्याचे मालक अनंतकृष्णन खूश झाले आणि त्यांनी क्लबला चांगली भरघोस देणगी दिली. त्यातून स्टिक्स आल्या, बूट आले, गोलकीपरचा नवा कोरा सेटही आला. पण दोन्ही सेट वाळवायला जागा कुठे? आठवडा उलटला नाही, तो नवा सेटही जुन्यासारखाच आंबला. आणि एवढं होऊनही पैसे उरले.

पैसे नसतात तेव्हा सगळे एक असतात. उरले की प्रत्येकाला अक्कल फुटते.

क्लबचे सेक्रेटरी कृष्णकांत साहेब. मूळ चिंचवडचे, इथे एका पार्ट्सच्या कंपनीत मॅनेजर. माणूस कष्टाळू, क्लबसाठी धावपळ करणारा, खोटं कशाला बोलू. पण त्यांना दिसणाऱ्या वस्तूंची भारी हौस. मैदानावरच्या रेन ट्रीखाली मीटिंग भरली तेव्हा त्यांनी लॅपटॉपवर चित्र दाखवलं. इलेक्ट्रॉनिक स्कोअरबोर्ड! लाल आकडे, खाली देणगीदारांचं नाव सरकतंय, वर क्लबचं बोधचिन्ह. मातीचं मैदान, गोलची जाळी तीन ठिकाणी गाठी मारलेली, आणि त्यावर हे! नाकापेक्षा मोती जड.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग बाई उठल्या.

"एक खोली पाहिजे," म्हणाल्या. "पॅड वाळवायास. दोन्ही बाजूंस विटांची जाळी, मध्यें बांबू, वरतीं पंखे. दोन सेट फिरवून वापरावे. एक अंगावर, एक वाऱ्यावर."

क्षणभर कुणाला कळेना. मग एकाने विचारलं, "म्हणजे वत्तल खोली?" वत्तल म्हणजे इथलं वाळवण, मिरच्या-भेंड्या वाळवून तळतात ते. सगळे खो खो हसले. कृष्णकांत साहेबही हसले. "बाई, पॅड बाहेर टांगा की. त्यासाठी खोली? देणगीदारांना काय दाखवणार आपण, बांबू?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "साहेब, तुमच्या अंगाला कधी लागलेत का ते पॅड?" मी म्हटलं. "उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय?" उन्मेषने माझी ओढणी मागून ओढली. मी झटकून टाकली. पण मीटिंगमध्ये ठरलं ते स्कोअरबोर्डचंच. दसऱ्याला देणगीदार येणार होते, त्यांच्यासमोर जाहीर करायचं.

घरी येताना ऋजुता एवढंच म्हणाली, "आई, मी फॉरवर्ड खेळणार नाही हं." आणि मीही बोललेला शब्द मागे घेणारी नाही. बस येईपर्यंत ती एका बाकावर बसली, मी दुसऱ्या.

आता आमच्या क्लबची रीत सांगते. आपली खंडेनवमी ती इथली आयुधपूजा. त्या दिवशी एस्टेटमधल्या लेथपासून स्कूटरपर्यंत सगळ्याला चंदन-कुंकू लागतं, कोहळा फुटतो, चुरमुरे आणि सुंडल, म्हणजे फोडणीचे हरभरे, वाटतात. आमच्या पोरी स्टिक्स, चेंडू आणि पॅड देवासमोर मांडतात. एकदा पूजेत ठेवलेल्या वस्तूला त्या दिवशी हात लावायचा नाही. दसऱ्याला सकाळी पूजेतून उचलायचं आणि तसंच कामाला लावायचं. दसऱ्याचा पहिला चेंडू मानाचा. सेक्रेटरी गोलमध्ये उभे राहतात, कॅप्टन हलकेच चेंडू मारते, फोटो निघतो, पेढे होतात. दर वर्षी साहेब इस्त्रीच्या शर्टात नुसती स्टिक धरून उभे राहायचे.

त्या वर्षी आयुधपूजेच्या दुपारी बाईंनी पोरींकडून कडक सराव करून घेतला. आदल्या रात्री पाऊस झाला होता, मैदान चिखल. सराव संपल्यावर पॅड जसे होते तसे क्लबच्या सामानाच्या खोलीत देवासमोर ठेवले आणि त्यांना स्वतःच्या हाताने चंदन लावलं, कुंकू लावलं. हेल्मेटला झेंडूची माळ. खोलीचं दार बंद केलं. मी म्हटलं, "अक्का, आज वाळत नाही घालायचे?"

"पूजेंत आहेत, गो. हात कसा लावावा?" एवढं साळसूद तोंड मी जन्मात पाहिलं नव्हतं.

दसऱ्याला अनंतकृष्णन आले, सगळे पालक आले, फोटोवाला आला. कृष्णकांत साहेब शर्टाच्या बाह्या नीट करत गोलकडे निघाले, तेवढ्यात बाईंनी त्यांना थांबवलं. "साहेब, लीगचा नियम आला आहे. गोलमध्यें कोणी पॅडांवाचून उभें राहावयाचें नाहीं. लहान मुली पाहतात, आपणच नियम मोडावा काय?" नियम खराच होता. आणि विजयादशमीला पूजेतली वस्तू नको म्हणायची, तेही देणगीदारांसमोर? साहेब हसून म्हणाले, "आणा, आणा."

ऋजुताने दार उघडलं. आतून चंदन आणि कुजलेलं पोतं असा दोन्हींचा वास एकदम आला. पुढच्या रांगेतल्या एका आजीने तोंडावर रुमाल धरला.

पॅड बांधताना साहेबांच्या इस्त्रीच्या पँटीतून पाणी झिरपायला लागलं. चिलखत चढवलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. हातमोज्यांत बोटं गेली आणि अंगावर काटा आला, तो मी पाहिला. मग ऋजुताने हेल्मेट घातलं त्यांच्या डोक्यावर, आणि पट्टा हनुवटीखाली ओढून लावला. थंडगार, बुळबुळीत. कॅप्टनला घाई नव्हती. तिने बुटाची नाडी बांधली, चेंडू पुसला, पुन्हा नाडी बांधली. साहेब गोलमध्ये उभे. कुणी हसलं नाही. हसण्यासारखं राहिलंच नव्हतं काही, कारण साहेबांचा चेहरा हेल्मेटच्या जाळीतून दिसत होता.

चेंडू आला, पायाला लागला, गेला. टाळ्या झाल्या. साहेबांनी हेल्मेट काढलं आणि बाजूला जाऊन दोन मिनिटं ओणवे उभे राहिले. मग ऋजुताला विचारलं, "बाळ, हे रोज?"

"रोज, अंकल. आज तरी चंदन आहे."

ज्याचं जळतं त्याला कळतं, हे खरं. पण दुसऱ्याचं कळल्यावर तिथल्या तिथे कबूल करायलाही छाती लागते, आणि ती कृष्णकांत साहेबांनी दाखवली. स्कोअरबोर्डचा कागद त्यांनी खिशातून काढलाच नाही. ओल्या पँटीनेच माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, उरलेल्या पैशांतून आम्ही गोलकीपरसाठी वाळवणाची खोली बांधतोय. अनंतकृष्णन यांना वाटलं चुकीचं ऐकलं. साहेबांनी हातमोजा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "लवकर बांधा." मी एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की हात लाल झाले.

खोली पोंगलच्या आधी उभी राहिली. बाई रोज गवंड्याच्या डोक्यावर बसलेल्या. जाळी कुठल्या अंगाला, समुद्राकडचा वारा दुपारी कुठून येतो, बांबू किती खाली, सगळं बोट दाखवून करून घेतलं. पोरींनी नाव ठेवलं वत्तल रूम. जे हसण्यावारी नेलं तेच नाव चिकटलं. साहेबांना दारावर अंबुजाबाईंच्या नावाची पाटी लावायची होती. बाई म्हणाल्या, "मज जिवंतपणीं वाळत घालूं नका." पाटी लावायची राहिली.

ऋजुताचं पुरळ गेलं ते पुन्हा आलं नाही. वर्षभर ती गोलमध्येच उभी राहिली, आणि आता लहान पोरींत चौघीजणी आपणहून गोलकीपर व्हायला भांडतात. आधी कधी ऐकलं होतं का हो असं?

मग पुढचा दसरा आला. बाईंनी या वेळी आयुधपूजा वत्तल रूममध्येच मांडली, पॅड बांबूवर टांगलेले तसेच, त्यांनाच चंदनाची बोटं. सकाळी सगळे जमले. साहेब पुढे झाले नाहीत. म्हणाले, "यंदाचा मान माझा नाही." आणि ऋजुता पॅड घेऊन अंबुजाबाईंसमोर गुडघ्यावर बसली.

"अय्यय्यो, वेड लागलें काय! ह्या वयांत?" बाई मागे सरकल्या. पोरींनी ऐकलं नाही. एकीने शिट्टी काढून घेतली, एकीने गजरा. ऋजुताने पॅड बांधले, चिलखत चढवलं. मी स्वतः हातमोजे घातले त्यांच्या हातांत. चिरा जोडलेले तेच जुने, बाईंनी टाकू दिले नव्हते.

हात आत गेले आणि बाईंनी ते एकदम छातीशी घेतले. मी घाबरले. म्हटलं, "अक्का, काय झालं? दुखलं का?"

त्यांनी मान हलवली. मोज्यातली बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. डोळे भरून आलेले.

"सुकें आहे, गो चारू," म्हणाल्या. "हें असें असतें काय?"

आयुष्यभर पॅड बांधलेल्या त्या बाईने कोरडे पॅड कधी घातलेच नव्हते, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मला हुंदका आवरेना. मिरजेची फटकळ बाई मी, सगळ्यांसमोर रडले, आणि त्याची मला काडीची लाज वाटली नाही.

बाई गोलमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. गुडघे थोडे वाकवून, हात पुढे. ऋजुता चेंडू घेऊन आली. मानाचा चेंडू हलकेच मारायची रीत, पण माझ्या पोरीने तो सणकून मारला, खरा, डाव्या कोपऱ्यात. कुणीतरी किंचाळलं. बाईंचा डावा पाय गेला, चेंडू पॅडवर धाडकन आदळला आणि थेट बाहेर. अख्खं मैदान उभं राहिलं. त्या आमच्या क्लबच्या कोच, हे मी शेजारच्या अनोळखी माणसाला दंड धरून सांगत होते.

सगळ्या पोरी धावल्या. कुणी हेल्मेटला हात घातला, कुणी पॅडचे पट्टे सोडायला खाली वाकली. बाईंनी मोज्यातले हात वर केले आणि त्यांना थांबवलं.

"काढूं नका," म्हणाल्या. "असूं द्या अजून थोडें."